टॉम फिनी आणि आठवड्याचे वीस पौंड

फुटबॉलच्या मैदानावर ज्याला आपल्याकडे राइट आऊट किंवा लेफ्ट आऊट म्हणत, त्याचे काम सांगायला तसे सोपे. कडेच्या रेषेने चेंडू पुढे न्यायचा, समोरच्या बॅकला चकवायचे आणि गोलासमोर धावत येणाऱ्या आपल्या गड्याकडे चेंडू नेमका टाकायचा. इंग्लंडच्या अशा खेळाडूंपैकी स्टॅन्ले मॅथ्यूज हे नाव आपल्या कानावरून गेले असेल. आज सांगायचे आहे ते त्याच्या तोडीच्या टॉम फिनीविषयी. कारण त्याच्या खेळाइतकीच त्याच्या पगाराची गोष्टही समजून घेण्याजोगी आहे.

फिनीचा जन्म 1922 सालचा, लँकेशायरमधील प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गावचा. गावच्याच प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबाने त्याला पोरवयात हेरले. पण वडिलांनी बजावले, आधी नळकामाची उमेदवारी पुरी कर, मग फुटबॉल! पुढे महायुद्ध आले. फिनी सैन्याबरोबर इजिप्त आणि इटलीत गेला, आणि लीगचा पहिला सामना खेळायला 1946 चा ऑगस्ट उजाडला. वय चोवीस. मग मात्र महिनाभराच्या आतच तो इंग्लंडकडून खेळला.

मूळचा तो डाव्या पायाचा. पण मेहनतीने उजवा पायही त्याने तितकाच तयार केला. त्यामुळे हा गडी रेषेकडे जाणार की आत वळणार, हे बॅकला कळतच नसे. इंग्लंडकडून तो 76 सामने खेळला: 40 उजव्या बगलेवर, 33 डाव्या आणि 3 मधल्या फळीच्या टोकाला. उजवीकडे घ्यायचे कुणाला, मॅथ्यूजला की फिनीला, हा निवड करणाऱ्यांचा नेहमीचा पेच. 1947 साली लिस्बनला दोघांनाही घेतले, फिनीला डावीकडे घातले, आणि पोर्तुगालवर दहा गोल चढले. उत्तर शून्य!

आता पगाराकडे वळू. त्या काळी इंग्लंडात खेळाडूच्या पगाराला वरची मर्यादा ठरलेली असे. 1952 च्या सुमारास ती आठवड्याला 14 पौंड होती, 1958 मध्ये 20 झाली. फिनी असो की एखादा सुमार फुलबॅक, किरकोळ बोनस सोडला तर त्यापुढे दमडी नाही. दुसरा नियम याहून कडक. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्याच हाती राही, आणि क्लबाने सोडले नाही तर त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. गिरणीतला कामगार गिरणी बदलू शके. मैदानातल्या कामगाराला ती सोय नव्हती.

1952 मध्ये इंग्लंडचा संघ इटलीत गेला असता पालेर्मो क्लबाने फिनीला मागणी घातली. करारावर सही केल्याचे 10,000 पौंड, दरमहा 130 पौंड, राहायला बंगला, शिवाय मोटार. नुसते ते दहा हजार म्हणजे त्याचा तेरा-चौदा वर्षांचा पगार, बघा! फिनीने प्रेस्टनला विचारले, प्रेस्टनने नकार दिला, विषय संपला. त्याने आदळआपट केली नाही, उलट पुढेही जीव ओतून खेळला. याला लोक निष्ठा म्हणतात. निष्ठा होतीच, नाही असे नाही. पण दाराला बाहेरून कडी घातलेली असताना घरात राहणाऱ्याची निष्ठा पारखायची कशी?

वडिलांचा सल्ला कामी आला तो येथे. भावाबरोबर त्याने नळकामाचा धंदा मांडला होता. सराव आटोपला की हत्यारे घेऊन कामावर, आणि शनिवारी मैदानात. 'प्रेस्टनचा प्लंबर' हे नाव काही थट्टेने पडलेले नव्हते.

मोठे चषक त्याच्या वाट्याला आले नाहीत. 1953 साली प्रेस्टन आणि आर्सेनल यांचे गुण सारखे, प्रत्येकी 54. गोलांच्या सरासरीत केसाएवढ्या फरकाने लीग आर्सेनलला गेली. पुढल्या वर्षी एफ. ए. कपची अंतिम झुंज 3-2 अशी हातची गेली.

दुखापतीने बेजार होऊन 1960 मध्ये त्याने खेळ सोडला. लीगचे 433 सामने आणि 187 गोल झाले होते. त्यानंतर वर्षही उलटले नाही, तोच 1961 च्या जानेवारीत, जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर, पगाराची मर्यादा उठली. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला 100 पौंड मिळू लागले. दुसऱ्या नियमावर 1963 मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने ठपका ठेवला. फिनी तेव्हा प्रेस्टनमध्येच होता, आपला नळकामाचा धंदा सांभाळीत. 1998 साली तो 'सर' टॉम झाला, आणि 2014 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, वारला.