ड्रोनची मोजणी आणि वळचणीखालची हद्द

आमच्या भंडारा जिल्ह्यांत, धानाच्या या मुलुखांत, हद्दीच्या भांडणाचें मूळ बहुधा दोन जागीं सांपडतें: शेतांत धुऱ्यावर आणि गांवांत वळचणीखालीं. धुऱ्याच्या तक्रारीस निदान नकाशाचा व सातबाऱ्याचा आधार असतो. वळचणीच्या तक्रारीस तोहि नसे. जुन्या बंदोबस्ताच्या नकाशांत सारी आबादी म्हणजे एकच तुकडा. त्यांत कोणाचें घर कोठपर्यंत, हें मालगुजाराच्या व शेजाऱ्यांच्या सांगण्यावर चाले. 31 मार्च 1951 रोजीं मालगुजारी संपली, तरी घरागणिक हद्दीचा नकाशा बहुतेक खेड्यांत झाला नाहीं.

ही उणीव भरून काढण्याकरितां गांवठाणांची मोजणी ड्रोन विमानानें हातीं घेण्यांत आली. आपल्या राज्यांत प्रथम प्रयोग पुणें जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यांत, सोनोरी या गांवीं झाला. पुढें 24 एप्रिल 2020 रोजीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना सुरू केली. विमान उडविण्याचें काम भारतीय सर्वेक्षण विभागाचें, व चौकशी करून मिळकत पत्रिका देण्याचें काम भूमि अभिलेख खात्याचें. आधीं घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेषा मारितात. मग विमान एकावर एक येणारीं छायाचित्रें घेतें, व तीं जुळवून नकाशा होतो. त्यांत जमिनीवरील 5 मीटर अंतर 1 सेंटिमीटर दिसतें. साखळीच्या मोजणीस कित्येक दिवस लागत, तेथें उड्डाणाचें काम कांहीं तासांत उरकतें.

परंतु हें यंत्र आकाशांतून पाहतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आपल्याकडे पाऊस जबर आणि भिंती मातीच्या. म्हणून कवेलूंचें छप्पर भिंतीपुढें हात दीड हात काढण्याची चाल आहे. चित्रांत येते ती छपराची कड. भिंत तिच्याखालीं झांकलेली राहते. समोरासमोरच्या दोन वळचणी जवळ आल्या असल्या, कीं मधली बोळ वरून दिसतच नाहीं, आणि पागोळ्यांचें भांडण नेमकें त्याच बोळींतलें! सांदवाडींतील आंब्याखालचें कुंपणहि असेंच लपतें. यासाठीं मोजणीदार छापील नकाशा घेऊन जागेवर पडताळा पाहण्यास येतात. त्या वेळीं घरधन्यानें हजर राहून पायापासून पायापर्यंत फीत धरवून घ्यावी, व शेजाऱ्याच्या संमतीनें चुना वळचणीच्या कडेवर न टाकतां पायावर टाकावा. भावाभावांचे हिस्से असल्यास सर्वांचीं नांवें तेव्हांच सांगावीं. रोवणीच्या दिवसांत घरीं थांबणें अवघड, हें आम्ही जाणतों. पण पत्रिकेवर चुकलेली रेष मागाहून फिरविणें त्याहून अवघड आहे.

शेतांविषयीं मात्र पुष्कळांचा गैरसमज आढळतो. स्वामित्व योजना गांवठाणापुरतीच आहे. धुऱ्याच्या वादासाठीं तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयांत मोजणीचा अर्जच करावा लागतो. शिवाय, छायाचित्र धुरा आज जेथें आहे तेथेंच दाखवील. शेजाऱ्यानें दरसाल फावड्यानें वीतभर कोरला असेल, तर सरकलेला धुराच त्यांत स्वच्छ उमटेल. खरी हद्द निघते ती मूळ मोजणीच्या अभिलेखावरून व जागेवरील दगडांवरून. हल्लीं मोजणीदार उपग्रहांच्या संदेशांवर चालणाऱ्या यंत्रानें कांहीं सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा दाखवितात; पण ती जुळवावयाची त्या जुन्या नकाशाशींच. चिखलणीच्या वेळीं ट्रॅक्टरला आडवा येतो म्हणून हद्दीचा दगड उपटून बांधावर टाकणारे आमच्यांत थोडे नाहींत. तो दगड मूळ जागीं राहूं द्यावा. आणि मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांसहि येते, ती आल्यास सालदारास न पाठवितां स्वतः धुऱ्यावर उभें राहावें.