जॅक लावण्यापूर्वी : कॉर्व्हेटचे आधारबिंदू

- शेव्हरले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स मोटारीचे बाह्यांग, सन १९५३ च्या पहिल्या गाडीपासूनच, पोलादी पत्र्याचे नसून फायबरग्लासादी संमिश्र द्रव्यांचे असल्यामुळे, जॅकचा भार भलत्या जागी पडल्यास ते पत्र्यासारखे नुसते वाकत नाही, तडकते.
- १९९७ च्या पाचव्या पिढीपासून सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या तुळयांना, पुढील चाकांमागे व मागील चाकांपुढे, लांबट खाचा आहेत. त्यांत रबर वा कठीण प्लास्टिकची चकती अडकवून जॅक तिच्याखालीच लावला, म्हणजे भार सांगाड्यावर जातो आणि लगतची नाजूक कड शाबूत राहते.
- गाडी बुटकी. साधा जॅक खाली शिरत नसल्यास चाके प्रथम फळ्यांवर चढवावीत.
- जॅक केवळ उचलण्यापुरता. स्टँडचा पक्का बंदोबस्त झाल्याखेरीज गाडीखाली कदापि शिरू नये.