गटाराच्या कर्जाला मतदाराची मंजुरी

विषय ऐकून नाक मुरडू नका. आज बोलायचे आहे सांडपाण्याविषयी, आणि त्याच्या खर्चाचा निर्णय कोणी घ्यायचा याविषयी.

फौजेत नदीकाठी छावणी पडली की नियम ठरलेला. पिण्याचे पाणी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, आंघोळ-धुणे खालच्या अंगाला. पण आणखी खाली दुसरी तुकडी असेल तर? मग दोघांच्याही वरच्या अधिकाऱ्याला हुकूम द्यावा लागतो. शहरांचेही तेच. वरच्या गावाने शुद्धीकरण केंद्र बांधले तर खर्च त्याचा, फायदा मोठ्या प्रमाणात खालच्या गावाचा. म्हणून राज्याला मध्ये पडावे लागते.

१९६५ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यापुढे हाच पेच होता. हडसन नदीत गावोगावचे मैलापाणी जात होते. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी १ अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव मांडला. तिथल्या घटनेनुसार अशा कर्जाला विधिमंडळाची मंजुरी पुरत नाही. मतपत्रिकेवर प्रश्न छापून लोकांचा कौल घ्यावा लागतो. सुमारे चारास एक या प्रमाणात लोक 'होय' म्हणाले. त्या पैशातून स्थानिक केंद्रांच्या खर्चात राज्याने वाटा उचलला. २०२२ मध्ये ४.२ अब्ज डॉलरच्या पर्यावरण रोख्यांनाही मतदारांनीच मान्यता दिली.

रोखे म्हणजे फुकटचा पैसा नव्हे. मुद्दल आणि व्याज करातूनच फिटते. पण गटारे अनेक दशके चालतात; तेव्हा वापरणाऱ्या पुढच्या पिढीनेही हप्ता भरणे न्याय्यच.

आपल्याकडे अशा कर्जावर मतदान होत नाही. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी १०० कोटी रुपयांचे रोखे काढले. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे काढले, सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना विकण्यासाठी. तिथे पारख केली ती पतमानांकन संस्थांनी आणि गुंतवणूकदारांनी.

मत नसले तरी प्रश्न विचारता येतो. आपल्या शहराचे केंद्र किती क्षमतेचे आहे? रोज प्रत्यक्षात किती पाणी शुद्ध होते? वीजबिल आणि देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात आहे का? बांधायला कर्ज मिळते; पण रोजचा खर्च कुठून येणार हे आधी ठरले नाही, तर केंद्र बंद पडते आणि हप्ते मात्र चालूच राहतात.