तांबड्या कोंबडीला पांढरं पिल्लू कसं झालं?

आज कोंबडीच्या रंगाबद्दल बोलायचं आहे. रंगाचं काय एवढं, असं वाटेल. पण गटाच्या बैठकीत कोंबड्यांवरून जे वाद आमच्यापर्यंत येतात, त्यातले बरेचसे रंगावरूनच असतात. एकीच्या तांबड्या कोंबडीखाली बारा अंडी बसवली, कोंबडाही तांबडाच, आणि निघाली तीन पांढरी पिल्लं. लगेच संशय शेजारणीवर, की हिनं अंडी बदलली. एका गावात दोघींचं बोलणं बंद होऊन कर्जाचा हप्ता अडला, इथवर गोष्ट गेली. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. शास्त्रात त्यांना जनुकं म्हणतात, आपण चिठ्ठ्याच म्हणू. काही चिठ्ठ्या जोरकस असतात, त्यांची एकच असली तरी गुण दिसतो. काही दबून राहतात, दोन्ही तशाच मिळाल्या तरच दिसतात. मेंडेलनं हा नियम वाटाण्यावर शोधला. तो कोंबड्यांनाही लागू पडतो, हे इंग्लंडमध्ये बेटसन यांनी १९०२ साली तुऱ्याचे आकार बघून दाखवलं. आपल्याकडं उघड्या मानेची कोंबडी असते ना, तिची मान जोरकस चिठ्ठीमुळे उघडी असते. म्हणून तिच्या पिल्लांत अशी मान पुन्हा पुन्हा दिसते.

आता पांढऱ्या रंगाकडे येऊ. पांढरा रंग दोन तऱ्हेचा असतो. पहिला जोरकस पांढरा. अंड्यांसाठी पाळतात ती व्हाईट लेगहॉर्न या तऱ्हेची. तिचा कोंबडा तांबड्या कोंबडीला लावला तर पिल्लं पांढरीच निघतात, फार तर अंगावर थोडे तांबूस-काळे डाग. दुसरा दबलेला पांढरा. हा तांबड्या किंवा काळ्या कोंबडीच्या पोटात पिढ्यान् पिढ्या गुपचूप राहू शकतो. आईकडे एक अशी चिठ्ठी, बापाकडे एक, दोघंही दिसायला तांबडे. अशा जोडीला सरासरीनं चारांत एक पिल्लू पांढरं होतं. म्हणजे बारा अंड्यांत तीन! त्या शेजारणीनं काही केलं नव्हतं.

दुसरं एक कारण आमच्या तायांना आधी पटत नाही. कोंबड्याचा संग झाल्यावर त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दहा-पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त टिकतं. तुमचा कोंबडा आज आणला म्हणून उद्याचं अंडं त्याचंच असेल असं नाही. मागच्या आठवड्यात कुंपण ओलांडून आलेल्या कोंबड्याचंही असू शकतं. नेमक्या बापाची पिल्लं हवी असतील तर कोंबड्या तीन आठवडे इतर कोंबड्यांपासून वेगळ्या ठेवाव्यात आणि मगच अंडी बसवायला घ्यावीत.

संकरित कोंबड्यांत हा गोंधळ जास्त दिसतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, यांची पिल्लं आपल्या बऱ्याच गटांनी घेतली. या जाती वेगवेगळे वंश एकत्र करून मुद्दाम घडवलेल्या आहेत. संस्थेतून आलेली पहिली पिढी वजनाला आणि अंड्यांना चांगली भरते. पण त्यांचीच अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली बसवली की चिठ्ठ्या पुन्हा पिसल्या जातात. एकाच घाण्यात तांबडं, काळं, ठिपक्यांचं, राखाडी असं सगळं निघतं. राखाडी रंग तर अर्धवट मिसळीचा आहे. राखाडीला राखाडी लावलं तरी सगळी पिल्लं राखाडी होत नाहीत, काही काळी तर काही मळकट पांढरी निघतात. रंग जसा पांगतो, तशी वाढ आणि अंडीही पांगतात. कुठलं पिल्लू कसं निघेल सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्या पिढीची पिल्लं ‘वनराज’ म्हणून विकणं बरोबर नाही. आपल्याच बायका आपल्याच बायकांना तसं विकतात, हे आम्हाला स्पष्ट सांगावंसं वाटतं.

रंगावरून नर-मादी ओळखायची युक्तीही आहे, पण त्याआधी एक गोष्ट. मुलगी झाली की सुनेला बोल लावतात. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. कोंबड्यांत उलट आहे, तिथं आई ठरवते. (सासूबाई ऐकत असतील तर रेडिओचा आवाज थोडा मोठा करा.) काही रंगांच्या चिठ्ठ्या याच गुणसूत्रावर असतात. कोंबड्याकडे त्या दोन, कोंबडीकडे एकच, आणि ती आपली एकुलती चिठ्ठी फक्त मुलग्यांना देते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक कोंबडी आणि ऱ्होड आयलंड रेडचा तांबडा कोंबडा अशी जोडी लावली, तर पट्ट्यांची चिठ्ठी सगळ्या नरांना मिळते, माद्यांना मिळत नाही. पिल्लं निघतात काळी, पण नराच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी पांढरा ठिपका असतो. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा पट्ट्यांचा आणि कोंबडी तांबडी, तर ही ओळख चालत नाही. पुढच्या पिढीतही चालत नाही. कुणी कुठल्याही पिल्लाच्या डोक्यावरचा ठिपका दाखवून ‘हा नर, ती मादी’ म्हणत असेल, तर आई-बाप कोणते ते आधी विचारा.

आता कडकनाथ. सातपुड्यापलीकडं, मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचं कडकनाथ गुंतवणुकीचं प्रकरण गाजलं, ते तुम्ही ऐकलं असेल. आमचं म्हणणं साधं आहे. काळी पिसं म्हणजे कडकनाथ नव्हे. कडकनाथमध्ये सोनेरी झाक असलेल्या आणि रेघा असलेल्या कोंबड्याही असतात, आणि आपली साधी गावरान कोंबडीही कुळकुळीत काळी असू शकते. कडकनाथचा काळेपणा कातडी, तुरा, जीभ, हाडांपर्यंत जातो. हा काळेपणा जोरकस आहे, पण त्याला फिकं करणारी आणखी एक चिठ्ठी असते, तीही त्या नर-मादीच्या गुणसूत्रावर. काळ्या कातडीच्या सिल्की जातीचा कोंबडा पिवळ्या पायांच्या लेगहॉर्न कोंबडीला लावला तेव्हा माद्या गडद आणि नर फिके निघाले. कडकनाथचा काळेपणाही सिल्कीसारख्याच जनुकातून येतो. त्यामुळे संकरातली काळी मादी बाजारात अस्सल म्हणून सहज खपते. एकटी कोंबडी बघून पैसे देऊ नका. तिच्यासोबतचे नर बघा, पाय बघा, आधीच्या घाण्यातली पिल्लं बघा. त्यात फिक्या पायांची दिसली तर संकर आहे, भावही संकराचाच द्या.

बाजारात मात्र व्यापारी रंग बघूनच बोलतो. तांबडा-काळा कोंबडा ‘गावरान’, पांढरा ‘ब्रॉयलर’, की लगेच किलोमागं भाव पाडला. पांढरी पिसं मांसाची चव ठरवत नाहीत, पण एकट्या बाईनं हे सांगून भाव मिळत नाही. गटानं मिळून वजनावर विकलं तर थोडं ऐकतात. अंगणात वाढलेला पांढरा कोंबडा वेगळा न काढता सगळ्यांबरोबर एकाच डालग्यात न्यावा.

घाण्यांत एकाएकी पांढरी पिल्लं वाढायला लागली, तर कोंबडा एकदा तपासा. बऱ्याचदा तो त्याच कोंबड्यांचा भाऊ किंवा मुलगा असतो. जवळच्या नात्यात दबलेल्या चिठ्ठ्या जास्त जुळतात, आणि रंगाबरोबर अशक्तपणाच्याही जुळतात. वर्षाकाठी कोंबडा दुसऱ्या गावच्या गटाशी बदलून घ्यावा. आखाडात भाव चढला की आपण सगळ्यात मोठा, तुकतुकीत कोंबडा आधी विकतो, आणि मागे उरलेला बारका पुढच्या वर्षाच्या सगळ्या पिल्लांचा बाप होतो. यंदा आखाड लागायच्या आधीच चांगला कोंबडा निवडा, त्याच्या पायात रंगीत कडं घाला आणि घरातल्यांना सांगून ठेवा, की कडंवाला विकायचा नाही.