कागद नाही, तर पत नाही
छिटमहलांकडून व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा धडा

एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचा तुकडा आणि चहूबाजूंनी परका मुलूख, अशा जागेला बंगालीत छिटमहल म्हणतात. २०१५ सालापर्यंत बांगलादेशात भारताचे असे १११ तुकडे होते आणि आपल्या कूचबिहार भागात बांगलादेशाचे ५१. दोन्हीकडे मिळून सुमारे ५१ हजार माणसे त्यांत राहत होती.

कूचबिहारचे राजे आणि मोगल यांच्या लढाया थांबल्या तेव्हा एकाच्या ताब्यातील गावे दुसऱ्याच्या मुलखात राहिली. तरी येणेजाणे सुरू होते. १९४७ साली रंगपूर पाकिस्तानात गेले, १९४९ साली कूचबिहार भारतात आले. १९५२ साली पासपोर्ट-व्हिसा लागू झाला आणि ही माणसे आपल्याच देशापासून तुटली.

आमच्या वाचकांनी याकडे धंद्याच्या नजरेने पाहावे. छिटमहलातला शेतकरी माल पिकवी, पण तो विकायला सरहद्द ओलांडून परक्या बाजारात जाई. तिथे त्याला कायद्याने उभे राहण्याचाच हक्क नव्हता, मग भावासाठी अडून बसणार कसा? पैसे बुडाले तर दाद कुठे मागणार? जमीन होती, पण तिचे खरेदीखत नोंदवायला जवळ कचेरी नव्हती. सौदे साध्या कागदावर होत. अशा जमिनीवर बँक कर्ज देत नाही. मुलांना शाळेत घालायचे तर बापाच्या जागी बाहेरच्या कुणाचे तरी नाव लावावे लागे.

१९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी करार केला. तो अमलात यायला ४१ वर्षे लागली. ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री अदलाबदल झाली आणि रहिवाशांना नागरिकत्व निवडता आले. बहुतेकांनी घर सोडले नाही, देश बदलला. तरीही जमिनीचे हक्क देता यावेत म्हणून पश्चिम बंगालला २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

आपल्याभोवती परकी सरहद्द नाही. कचेरी आहे, बँक आहे. तरी कितीतरी कारागिरांच्या गाळ्याचा भाडेकरार तोंडी असतो, उधारी नुसत्या आठवणीवर चालते. हुनर हातात असतो, पण पत कागदावर ठरते. भाडेकरार, धंद्याची नोंदणी, बिलबुक आणि हिशेबाची वही व्यापारी बांधवांनी आजच नीट करून ठेवावी.