तापता समुद्र आणि मालवणची रापण

सिंधुदुर्ग जिल्ह्यास १२१ किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. देवगड, आचरा, मालवण, देवबाग, निवती, वेंगुर्ले, शिरोडा या बाजूच्या अनेक कुटुंबांत भातशेती आणि मासेमारी हे दोन्ही धंदे एकाच छपराखाली चालतात. मासळी चांगली लागली की बियाणे-खताची सोय होते, ती हुकली की त्याचा भार शेतीवर पडतो. नारळाच्या बागांना मासळीचे खत घालण्याची चालही या भागात जुनीच आहे. तेव्हा शेतीच्या पत्रिकेत मासळीचा विषय कशाला, अशी शंका निदान कोकणातील वाचकांच्या मनात येणार नाही.

गेल्या काही वर्षांत मच्छिमारांच्या तोंडी एक तक्रार वारंवार ऐकू येते. मासळी ठरल्या वेळी येत नाही, आणि आली तरी किनाऱ्याला लागत नाही. या तक्रारीत जाळ्यांच्या स्पर्धेचा भाग मोठा आहे, हे पुढे सांगितलेच आहे. परंतु तिचे दुसरे एक कारण पाण्यातच आहे. समुद्र तापत चालला आहे.

हे तापणे केवढे, याचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केला आहे. १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे त्यांना आढळले. सव्वा अंश ऐकताना क्षुल्लक वाटतो. पण माणसाप्रमाणे माशाला आपल्या शरीराची उष्णता कायम राखता येत नाही. बहुतेक माशांचे अंग पाण्याइतकेच गरम वा थंड असते. पाणी तापले की त्याची भूक, वाढ आणि अंडी घालण्याची वेळ ही सर्व बदलतात. शिवाय पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी.

याहून मोठे नुकसान अन्नाचे होते. समुद्राची सुपीकता तळाशी साठलेली असते. नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः दक्षिणेकडे, खालचे थंड व सकस पाणी वर येते. शेतात नांगराने खालची माती वर यावी, तसाच हा प्रकार. त्या पाण्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर तारली वाढते, आणि तारली-बांगड्यांवर सुरमईसारखे मोठे मासे पोसतात. वरचा थर फार तापला की तो हलका होऊन झाकणासारखा पडून राहतो आणि खालचे सकस पाणी वर येऊ देत नाही. पश्चिम हिंदी महासागरात साठ वर्षांच्या काळात अशा सूक्ष्म वनस्पती काही ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले.

आता तारलीचे उदाहरण घेऊ. कोचीनच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे अनेक दशकांच्या नोंदी आहेत. त्यांवरून असे दिसते की १९८५ पूर्वी तारलीचे बहुतेक सर्व उत्पन्न ८ ते १४ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे केरळ व दक्षिण कर्नाटकच्या किनाऱ्यावर मिळत असे. १९८९ नंतर ती १४ अंशांच्या उत्तरेसही वाढत्या प्रमाणात सापडू लागली. उत्तरेकडील पाणी पूर्वी तिला थंड पडत असावे, ते आता मानवू लागले, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. मालवण १६ अंशांवर आहे. म्हणजे समुद्र तापण्याचा प्रारंभीचा परिणाम आपल्या किनाऱ्यास लाभाचाच ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि हा लाभ भरवशाचा नाही. केरळात तारलीचे उत्पन्न २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन होते, ते २०२१ साली अवघ्या साडेतीन हजार टनांच्याही खाली गेले. २०२२ पासून ते पुन्हा बरेच सावरले. तारलीचे असे चढउतार जुनेच आहेत. १९४० च्या दशकातही मलबार किनाऱ्यावर तिचा मोठा दुष्काळ पडला होता आणि मद्रास सरकारला बारीक आसाच्या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले होते. म्हणून प्रत्येक घट हवामानाच्या माथी मारणे शहाणपणाचे नाही. मात्र मुळातच लहरी असलेल्या माशाच्या लहरीत आता उष्णतेची भर पडली आहे, एवढे निश्चित.

बांगड्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मालवणास अधिक लागू पडते. बांगडा हा वरच्या थरात थव्याने फिरणारा मासा. १९८५ ते १९८९ या वर्षांत देशातील बांगड्याच्या उत्पन्नापैकी जेमतेम २ टक्के तळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत मिळत होते. २००३ ते २००७ या वर्षांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास गेले. ट्रॉलर वाढले, हेही त्याचे एक कारण असू शकेल. परंतु वरचे पाणी तापल्यामुळे बांगडा खालच्या थंड थरात उतरू लागला आहे, असा संस्थेच्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

याचा फटका सर्वांत आधी रापणीला बसतो. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणावयाची आणि पुष्कळ माणसांनी मिळून दोर ओढावयाचे, ही रापणीची रीत. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. तिला इंजिन लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. गावातील पुष्कळ घरांना एकाच ओढीत काम मिळते. पण रापण माशाच्या मागे जाऊ शकत नाही. थोड्या वावांच्या उथळ पाण्यात मासा आपण होऊन आला, तरच ती भरते. तारली उत्तरेस सरकली तर ट्रॉलर तिच्यामागे जाईल, बांगडा खोल गेला तर ट्रॉल जाळे खोल सोडता येईल. रापणकर मात्र दांडीच्या किनाऱ्यावरून हलू शकत नाही. हवामानातील बदलाचा भार सर्व मच्छिमारांवर सारखा पडत नाही, तो असा.

त्यातच किनाऱ्याकडे वळणारे थवे वाटेतच घेरले गेले, तर रापणीला उरते काय? महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर हंगामाचे व क्षेत्राचे निर्बंध घातले. एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी करण्यास केंद्र शासनाने २०१७ साली बंदी केली. तापत्या समुद्रात हे नियम पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहेत, कारण उष्णतेने दुबळा झालेला साठा जादा मासेमारी सोसू शकत नाही.

वादळांनी मासेमारीचे दिवसही कमी केले आहेत. २०१७ च्या डिसेंबरात ओखी, २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते या वादळांच्या वेळी ऐन हंगामात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागल्या. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली, असे पुण्याच्या संस्थेचे अनुमान आहे.

समुद्र थंड करणे कोणा एका गावाच्या हाती नाही. साठ्यात बी राखणे मात्र हाती आहे. शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. त्याखालील मासळी पकडू नये आणि विकतही घेऊ नये. ट्रॉल जाळ्याच्या खोलाला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस ठेवल्यास लहान पिल्ले निसटून जातात. हिरव्या भातरोपाची कापणी कोणी शेतकरी करीत नाही. बोटभर तारलीची विक्री त्याहून निराळी नव्हे. यांत्रिक होड्यांच्या मालकांनी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा मासळी-क्षेत्राचा अंदाज पाहून मगच निघावे. त्यात मासळीची संभाव्य जागा, दिशा व खोली दिलेली असते आणि डिझेलची बचत होते. रापणीला या अंदाजाचा उपयोग थोडा.

ग्रामसेवकांनी एक काम विशेष मनावर घ्यावे. जून-जुलैची पावसाळी बंदी ही पुष्कळ मासे त्या सुमारास अंडी घालतात या समजावर आधारलेली आहे. परंतु मद्रासच्या किनाऱ्यावर राणी माशाचा अंडी घालण्याचा मुख्य काळ उन्हाळ्याकडून थंडीच्या महिन्यांकडे सरकल्याचे संशोधनात दिसून आले आहे. आपल्या बांगड्याचे व तारलीचे काय झाले, हे किनाऱ्यावरील नोंदींवाचून समजणार नाही. त्यासाठी प्रत्येक गावी एक साधी वही ठेवावी. तारीख, रापण कोठे लागली, कोणती मासळी किती पाट्या मिळाली, माशांची साधारण लांबी, आणि पोट चिरल्यावर गाभोळी होती की नव्हती, एवढेच त्यात लिहावे. गाभोळीची माहिती मासळी साफ करणाऱ्या स्त्रियांना सर्वांत आधी असते. ती त्यांनाच विचारावी. महिन्याच्या अखेरीस वहीची नक्कल मत्स्यव्यवसाय विभागाच्या मालवण येथील कार्यालयात द्यावी. ज्या दिवशी रापण रिकामी आली, त्या दिवसाचीही नोंद न चुकता करावी.