सत्तावन्न पैलू आणि एक जादा आकडा

सुरतच्या वराछा-कतारगाम भागात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या फिरत्या चकतीवर, घासला जाणारा गोल ब्रिलियंट हिरा ५७ पैलूंचा असतो. वरच्या बाजूला १ टेबल, ८ मुख्य पैलू, ८ तारा-पैलू आणि गर्डलला, म्हणजे कडेच्या पट्ट्याला, लागून १६; खाली ८ मुख्य आणि गर्डलला लागून पुन्हा १६. हा हिरा संगणकावर उभा करायचा तर आधी कोनांची यादी हवी, सारख्या अंतरावरच्या आकड्यांची. ऱ्हायनो या सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरमध्ये ती कोड न लिहिता, ठोकळे तारांनी जोडून करता येते.

त्यासाठी दोन ठोकळे आहेत. ‘रेंज’ला सुरुवात, शेवट आणि भाग किती ते सांगायचं, ‘सिरीज’ला सुरुवात, पायरी आणि आकडे किती ते. भाग आणि आकडे यांतच घोटाळा होतो.

आठ मुख्य पैलूंसाठी रेंजला ० ते ३६० आणि ८ दिले, की बाहेर ९ आकडे पडतात: ०, ४५, ९० करत थेट ३६०. रेंजचं काही चुकलेलं नाही, कारण आठ भागांना टोकं नऊच असतात. पण वर्तुळात ० आणि ३६० ही एकच दिशा, म्हणून एकावर एक दोन पैलू बसतात. चित्रात ते दिसत नाही, मोजणी मात्र ५८ भरते. गंमत म्हणजे तळाचं टोक सपाट केलेल्या हिऱ्याला खरोखरच ५८ पैलू असतात, त्यामुळे ही चूक सहज खपून जाते.

वर्तुळासाठी सिरीजच बरी. सुरुवात ०, पायरी ४५, आकडे ८. यादी ३१५ वर थांबते. तारा-पैलू मुख्य पैलूंच्या मधोमध येतात, म्हणून त्यांची सुरुवात २२.५, बाकी तेच. वरच्या १६ पैलूंसाठी सुरुवात ११.२५, पायरी २२.५, शेवटचा आकडा ३४८.७५.

आता अशाच यादीवरून काढायचा आलेख. मार्सेल टोल्कोवस्की या अभियंत्याने गोल ब्रिलियंटसाठी १९१९ मध्ये मांडलेल्या प्रमाणांत टेबल व्यासाच्या ५३ टक्के आणि वरचा उतार ३४.५ अंश आहे. उरलेल्या ४७ टक्क्यांचा निम्मा, २३.५, उताराच्या टॅन्जंटने गुणला की वरच्या भागाची उंची मिळते: १६.२ टक्के. उतार ३४ पासून ३५ पर्यंत ०.१ ने बदलला तर उंची कशी बदलते? इथे दोन्ही टोकं हवीत, त्यामुळे रेंज योग्य: भाग १०, आकडे ११. टॅन्जंटचा ठोकळा रेडियन मागतो, तेव्हा अंश आधी बदलून घ्यावेत. रेघ १५.९ वरून १६.५ वर जाते, जवळजवळ सरळ.

लॅबव्ह्यू या ठोकळे-तारांच्याच प्रोग्रॅमिंग साधनात हेच फॉर लूपने होतं. तिथला ‘आय’, म्हणजे फेरीचा क्रमांक, ० पासून मोजतो, म्हणून ‘एन’ला, म्हणजे फेऱ्यांच्या संख्येला, ११ द्यावे. मागच्या उत्तरात ०.१ मिळवत जाऊ नये. ३४ मध्ये आय भागिले १० मिळवावं. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ नेमका मावत नाही, आणि तो शून्यापासून दहा वेळा मिळवला तर १ ऐवजी ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. २२.५ आणि ११.२५ मात्र नेमके मावतात, कारण त्यांचे अपूर्णांक अर्धा आणि पाव.

यादी तयार झाली की ग्रासहॉपरमध्ये तिला ‘पॅनल’ हा यादी दाखवणारा ठोकळा जोडा. पहिला आकडा, शेवटचा आकडा आणि एकूण संख्या पाहून घ्या आणि मगच आलेख काढा.